आधी लेंडी तपासा, मग औषध पाजा

मेंढीची मोठी अडचण ही की ती आजारी असली तरी लवकर कळू देत नाही. अंगावर लोकर असते त्यामुळे पाठीची हाडं हाताला लागायला लागली तरी लांबून भरलेलीच दिसते, आणि कळपाबरोबर राहायचा स्वभाव असल्यामुळे अंगात त्राण नसलं तरी ओढत ओढत बाकीच्यांच्या मागे चालत राहते. मग एक दिवस मागे पडते, बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली सापडते. आपण म्हणतो काल तर चांगली होती. पण काल ती चांगली नव्हतीच, तिची खालची पापणी ओढून आत बघितलं असतं तर गुलाबी रंग जाऊन तिथे कागदासारखा पांढरेपणा दिसला असता, कारण तिचं रक्त कित्येक दिवसांपासून आतल्या आत जात होतं.

यावर बहुतेक ठिकाणी ठरलेला उपाय म्हणजे वर्षातून तीनचार वेळा तारीख धरून सगळ्या कळपाला सरसकट जंताचं औषध पाजायचं आणि निर्धास्त व्हायचं. मला ही पद्धत मनापासून धोक्याची वाटते. औषध वाईट आहे म्हणून नाही, तर न बघता, न मोजता ते पाजत राहिलं की काही वर्षांत ते औषधच निकामी होतं आणि खरंच गरज पडते तेव्हा हातात काही उरत नाही. मोजणं फार अवघड नाहीये, म्हणून ते नीट समजावून सांगायचा हा प्रयत्न.

आधी आत कोण राहतंय ते बघू. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यातला चौथा आपल्या जठरासारखा काम करतो. तिथे राहणारा सगळ्यात घातक जंत म्हणजे हिमॉन्कस. मेलेल्या मेंढीचं हे चौथं पोट उघडलं की आतल्या पातळ मळकट पाण्यात दोनतीन सेंटिमीटरचे दोऱ्यासारखे जंत वळवळताना उघड्या डोळ्यांनी दिसतात, आणि मादी जवळून बघितली तर तिच्या अंगात लाल आणि पांढरा असा पीळ दिसतो, लाल म्हणजे तिच्या आतड्यात भरलेलं मेंढीचं रक्त आणि पांढरा म्हणजे त्याभोवती गुंडाळलेला अंड्यांचा दोर. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलीलिटर रक्त घालवतो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण हजार जंत झाले की दिवसाला ५० मिलीलिटर, आणि ४० किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्तच असतं पावणेतीन लिटरच्या आसपास. अंग नवीन रक्त तयार करत असतं खरं पण इतक्या वेगाने जाणाऱ्याला ते पुरं पडत नाही. आणि ही एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते.

बाकीचे जंत रक्तावर एवढे टपलेले नसतात पण त्रास तेही देतात. ट्रायकोस्ट्राँगायलस लहान आतड्यात राहतो, केसासारखा बारीक, सहज दिसतही नाही, त्याने हगवण लागते आणि मेंढी खाऊनही वाळत जाते. टेलाडॉर्सेजिया थंड हवेच्या भागात जास्त, तो चौथ्या पोटाचं अस्तर खराब करतो. लेंडीतून तांदळाच्या दाण्यासारखे किंवा फितीसारखे पांढरे तुकडे पडतात ते वेगळे, ते पट्टकृमी. ते डोळ्यांना दिसतात म्हणून माणूस घाबरून लगेच औषध आणतो, पण ते बहुतेक वेळा फारसं नुकसान करत नाहीत. खरं नुकसान करणारे बाहेर दिसतच नाहीत, म्हणून तर मोजावं लागतं.

आता हे जंत मेंढीच्या पोटात जातात कसे. अंडी लेंडीतून बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की त्यांच्या आत अळी तयार होते, अंडं फुटून ती बाहेर येते, दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेला आली की चारा खाताना पोटात जायला तयार. चांगली उबदार ओली हवा असेल तर हे सगळं आठवड्याभरात होतं, थंडी असेल तर कित्येक आठवडे लागतात. तिसऱ्या अवस्थेतली अळी जुनी कात अंगावर तशीच ठेवते, त्या आवरणामुळे ती काही खाऊ शकत नाही, साठवलेल्या ताकदीवर तग धरते आणि दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून गवतावर थोडी वर चढते. बहुतेक अळ्या जमिनीपासून पाचेक सेंटिमीटरच्या आतच असतात, त्यामुळे गवत बुडापर्यंत खायची वेळ मेंढ्यांवर आली की जंतांचा भार एकदम वाढतो. पोटात गेल्यावर मोठं होऊन अंडी घालायला लागायला तिला साधारण तीन आठवडे लागतात. हा तीन आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक गोष्ट, ती कळली की सगळी दृष्टीच बदलते. जंत सगळ्या मेंढ्यांत सारखे वाटलेले नसतात. साधारण हिशेब असा की कळपातल्या वीसतीस टक्के मेंढ्यांच्या पोटात सगळ्या कळपाचे ऐंशी टक्के जंत असतात. म्हणजे शंभरातल्या वीसपंचवीस मेंढ्या आजारी पडतात आणि कुरणभर अंडीही त्याच पसरवतात, बाकीच्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती असते आणि त्या थोडे जंत बाळगून मजेत असतात. मग सगळ्यांना औषध कशासाठी? प्रश्न एवढाच की त्या वीसपंचवीस ओळखायच्या कशा.

पहिला मार्ग लेंडीतली अंडी मोजणं. यासाठी मॅकमास्टर नावाची काचेची पट्टी वापरतात, ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत ती तयार झाली आणि गॉर्डन आणि व्हिटलॉक या दोघांनी १९३९ साली ही पद्धत छापून जाहीर केली, आज इतक्या वर्षांनीही जगभर तीच चालते. तत्त्व अगदी साधं आहे. पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घालायचं, तळाला थोडं न विरघळलेलं मीठ दिसायला लागलं की पाणी तयार, या जड पाण्यात जंतांची अंडी तरंगून वर येतात आणि लेंडीचा बराचसा गाळ खाली राहतो. ४ ग्रॅम लेंडी ५६ मिलीलिटर खाऱ्या पाण्यात नीट कुस्करायची, बारीक गाळणीतून गाळायची, ढवळून लगेच ड्रॉपरने पट्टीच्या दोन कप्प्यांत भरायची आणि पाचेक मिनिटं न हलवता ठेवायची. ढवळल्याशिवाय ड्रॉपर भरला तर आकडा चुकलाच समजा, कारण अंडी तोवर वर सरकलेली असतात.

मग मायक्रोस्कोपखाली शंभर पटीने मोठं करून बघायचं. काचेवर आखलेल्या रेघा दिसतात, त्या रेघारेघांमधून वरखाली जात मोजायचं. नवीन माणसाला सुरुवातीला हवेचे बुडबुडेच अंडी वाटतात, पण बुडबुडा एकदम गोल असतो आणि त्याची कड काळी जाड असते. अंडं लांबट गोल, कड पातळ आणि आत पेशींचा पुंजका, द्राक्षांचा छोटा घोस दाबून बसवल्यासारखा. एक दोन दिसली की मग नजर बसते. प्रत्येक कप्प्यात ०.१५ मिलीलिटर मावतं, दोन्ही कप्प्यांत मिळून जेवढी अंडी दिसली त्याला ५० ने गुणायचं की एका ग्रॅम लेंडीमागे किती अंडी ते मिळालं. म्हणजे २० दिसली तर १०००. आता मोठी मेंढी दिवसाला किलोभर लेंड्या टाकते असं धरलं तर ती एकटी रोज दहा लाख अंडी कुरणात सोडतेय, हा हिशेब एकदा केला की ही एक मेंढी वेळेत ओळखण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

नमुना घेण्यात मात्र फार चुका होतात. जमिनीवर कधीची पडलेली लेंडी उचलून चालत नाही, डोळ्यांसमोर पडलेली ताजी घ्यायची किंवा हातमोजा घालून गुदद्वारातून थेट काढायची. पिशवीत भरून हवा दाबून काढायची, तोंड घट्ट बांधायचं, थंड ठेवायची पण गोठवायची नाही, आणि एकदोन दिवसांत तपासून घ्यायची. कारण हवा आणि ऊब मिळाली तर एका दिवसातच अंडी फुटायला लागतात, आणि फुटलेलं अंडं मोजता येत नाही, मग रिपोर्ट येतो कमी आणि आपण खूश होतो. पैसे किंवा वेळ वाचवायला दहा मेंढ्यांची लेंडी सारखी सारखी घेऊन एकत्र करून एकच तपासणी करतात, कळपाचा अंदाज घ्यायला ती पुरते, पण वर सांगितलेली वाटणी आठवा, नऊ मेंढ्या ठीक आणि एक जंतांनी भरलेली असेल तर सरासरीत ती एक लपून जाते. कोकरांचा आणि मोठ्या मेंढ्यांचा नमुना तर कधीच एकत्र करू नका.

आकडा हातात आल्यावर तो वाचायचा कसा हे जास्त महत्त्वाचं. ढोबळ मानाने २०० च्या आत कमी, ५०० च्या पुढे लक्ष द्यायची वेळ आणि १००० च्या पुढे जास्त असं धरतात, पण हे आंधळेपणाने वापरू नये. हिमॉन्कसची मादी हजारोंनी अंडी घालते, ट्रायकोस्ट्राँगायलसची दिवसाला शंभर दोनशे, आणि मायक्रोस्कोपखाली दोघांची अंडी जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणजे ५०० हा आकडा हिमॉन्कसचा असेल तर जंत थोडे आहेत आणि ट्रायकोस्ट्राँगायलसचा असेल तर पोट भरलेलं आहे. कोण आहे ते नक्की करायला लॅबमध्ये लेंडी आठवडा दहा दिवस उबेत ठेवून अळ्या वाढवतात आणि अळीच्या शेपटीच्या आकारावरून, लांबीवरून जात ओळखतात.

आणि रिपोर्ट शून्य आला म्हणजे पोट साफ असंही नाही. ते तीन आठवडे इथे कामाला येतात, कारण आत गेलेल्या अळ्या मोठ्या होईपर्यंत एकही अंडं बाहेर पडत नाही पण हिमॉन्कसची कोवळी अवस्थाही रक्त पिते. पाऊस लागून तीन आठवडे व्हायच्या आत केलेली तपासणी म्हणून फसवी असू शकते. नेमाटोडायरस नावाचा जंत तर कोकरांना अंडी दिसायच्या आधीच हगवणीने मारतो, तिथे मोजणीवर थांबणं म्हणजे उशीर. हगवण लागली असेल तर लेंडीत पाणी जास्त असल्यामुळे आकडा पातळ होतो. लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंताची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात वर येतच नाहीत, त्यासाठी गाळ खाली बसवून बघायची वेगळी तपासणी सांगावी लागते. पाणथळ जागी, जिथे गोगलगायी आहेत तिथे चरणाऱ्या कळपासाठी ही सांगाच.

दुसरा मार्ग डोळ्यांचा, आणि मला विचाराल तर हिमॉन्कस असलेल्या भागात याच्यासारखी उपयोगाची गोष्ट नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात फामाचा नावाचं कार्ड निघालं, ज्यांच्या कल्पनेतून ते आलं त्या फाफा मलान यांच्या नावातली अक्षरं आणि चार्ट मिळून हे नाव झालंय. कार्डावर पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच छटा छापलेल्या असतात, १ म्हणजे लालभडक आणि ५ म्हणजे पांढराफटक. वरच्या पापणीने डोळा झाकायचा, बुबुळ अंगठ्याने हलकेच आत दाबायचं आणि दुसऱ्या हाताने खालची पापणी खाली ओढायची की आतली कड बाहेर येते, तिचा रंग कार्डाशी जुळवायचा. उघड्यावर उजेडात बघायचं, गोठ्याच्या अंधारात नाही, आणि एका नजरेत ठरवायचं, पापणी ओढून धरून ठेवली की तिचा रंगच बदलतो. दोन छटांमध्ये अडलात तर जास्त फिकी धरायची. दोन्ही डोळे बघायचे. १ आणि २ ला औषध नाही, ४ आणि ५ ला लगेच, आणि ३ ला कोकरू किंवा गाभण, व्यालेली, खंगलेली मेंढी असेल तर द्यायचं. जंतांच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी, आणि जोर असेल तर दर आठवड्याला बघायचं. ४-५ वाल्या दहा टक्क्यांच्या वर निघाल्या तर मग एकट्यादुकट्या मेंढीची गोष्ट राहिली नाही, औषधाबरोबर कुरणही बदलायला हवं.

कार्डाचा फोटो काढून मोबाईलच्या स्क्रीनवर जुळवू नका, रंग सगळे फसतात. कार्ड उन्हात राहिलं की फिकं पडतं म्हणून अंधारात ठेवायचं आणि वर्षाने बदलायचं. आणि हे फक्त रक्त पिणाऱ्या जंतांसाठी आहे, ट्रायकोस्ट्राँगायलसने वाळलेल्या मेंढीची पापणी छान गुलाबी असू शकते. उलट लिव्हर फ्लूकनेही पापणी पांढरी पडते, मग औषध वेगळं लागतं. डोळा आलेला असेल, धुळीने लाल झाला असेल तर तोही फसवतो.

म्हणून मेंढी हातात आलीच आहे तर बाकी ठिकाणीही हात फिरवायचा. जबड्याखाली मऊ पाण्याची पिशवी लागतेय का, ती रक्तातलं प्रोटीन संपल्याची खूण. शेपटीखाली लोकर घाणीने लडबडलीय का. पाठीच्या कण्यावर बोटं दाबून मांस किती आहे ते बघायचं, लोकरीवर विश्वास ठेवायचा नाही. कोकरांचं वजन दर काही दिवसांनी घेत राहिलं तर जे कोकरू वाढायचं थांबलं ते अंड्यांच्या आकड्याने सांगायच्या आधीच दिसतं. विणीच्या आधी साधारण दोन आठवड्यांपासून ते व्याल्यानंतर सहा आठ आठवड्यांपर्यंत मेंढीची प्रतिकारशक्ती खाली येते आणि तिची अंडी एकदम वाढतात, नेमकी तीच वेळ कोकरं गवताला तोंड लावायची असते, तेव्हा वर्षात एकदाच मोजणार असाल तर ती या दिवसांत मोजा.

आता औषधाबद्दल, कारण मोजण्याचा अर्धा उपयोग इथे आहे. थायाबेंडाझोल १९६१ ला बाजारात आलं तेव्हा चमत्कार वाटला होता आणि १९६४ लाच त्याला न जुमानणारे जंत सापडले. आयव्हरमेक्टिन १९८१ ला आलं, त्याच्या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, इतकं मोठं औषध, पण १९८० चं दशक संपायच्या आत मेंढ्यांतले जंत त्यालाही दाद देईनासे झाले होते. मोनेपँटेल २००९ ला आलं, २०१३ मध्ये त्याचीही तीच बातमी. दरवेळी घडतं ते असं की औषधाने मरणारे मरतात, जे थोडे तगतात तेच अंडी घालतात आणि पुढची सगळी पिढी त्यांचीच. सगळ्या कळपाला एकाच दिवशी पाजून लगेच स्वच्छ कुरणात सोडलं तर त्या कुरणात फक्त तगलेल्या जंतांचीच अंडी पडणार, म्हणजे आपण हाताने त्यांचं शेत पेरतोय. म्हणून ठीक असलेल्या मेंढ्यांना बिनऔषधाचं सोडायचं, त्यांच्या पोटातले साधे जंत, ज्यांच्यावर औषध अजून चालतं, ते कुरणात मिसळत राहतात आणि तगलेल्यांचा जोर पातळ करतात. जंत जाणूनबुजून मागे ठेवायचे हे पचायला जड जातं, मान्य आहे, पण औषध टिकवायचा याहून चांगला रस्ता आज तरी नाही.

तुमच्या कळपात औषध चालतंय का हे ओळखायची तपासणी सोपी आहे. दहा पंधरा मेंढ्यांची अंडी औषधाच्या दिवशी मोजायची, कानातल्या बिल्ल्याचे नंबर लिहायचे, आणि त्याच मेंढ्यांची १४ दिवसांनी परत मोजायची. आधी सरासरी ८०० आणि नंतर २०० म्हणजे घट ७५ टक्के. ९५ च्या खाली आलं की संशय घ्यायचा, आणि ८०० चे ४० च्या आत यायला हवे होते हे लक्षात घेतलं की २०० किती वाईट आहे ते कळतं. पण औषधाला दोष द्यायच्या आधी डोस बरोबर गेला होता का ते बघा, अंदाजाने वजन धरलं की जवळपास नेहमीच कमी धरलं जातं, म्हणून गटातल्या सगळ्यात जड मेंढीचं वजन करून त्या हिशेबाने पाजायचं आणि औषध जिभेच्या मागे सोडायचं. आणि औषध बदलणं म्हणजे बाटली बदलणं नव्हे, अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल आणलं तर नाव बदललं, गट तोच, जंतांच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. लेव्हामिसोल वेगळ्या गटातलं, आयव्हरमेक्टिन वेगळ्या. कोणतं आणि किती हे लेंडीचा रिपोर्ट समोर ठेवून जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

विकत आणलेली मेंढी थेट कळपात सोडू नका, तिच्या पोटात दुसऱ्याच्या कळपातले औषधाला न जुमानणारे जंत असू शकतात. वेगळी बांधा, औषध द्या, १४ दिवसांनी मोजा, मग सोडा.

आणि हे सगळं वहीत उतरवा, तारीख, नंबर, पापणी, अंडी, औषध दिलं की नाही. वर्षभराने ती वही चाळली की दिसेल, औषध घेणाऱ्यांत तेच ते चारपाच नंबर परत परत येतायत, आणि काही नंबर असे की त्याच कुरणात चरून एकदाही औषध लागलं नाही. हा फरक बराचसा रक्तातून पुढे जातो, पूर्व आफ्रिकेतली रेड मसाई जात अशाच प्रतिकारशक्तीसाठी ओळखली जाते. तेव्हा पैदाशीला मेंढा निवडायच्या दिवशी त्याच्या अंगाबांध्याबरोबर त्याच्या आईचा नंबरही त्या वहीत शोधून बघा.